दिपाची पहिली वेलांटी

दिपा मला पहिल्यांदा दिसली ती चुकीच्या बाजूला तोंड करून बसलेली.

१९९२ सालचा जून होता. आपला जिल्हा तेव्हा परभणी. आमच्या संस्थेच्या नरसीच्या शाळेत खोल्या कमी होत्या, म्हणून पाचवी आणि सहावी एकाच लांब खोलीत भरायची. पाचवीचं तोंड पूर्वेच्या फळ्याकडे, सहावीचं पश्चिमेच्या फळ्याकडे, आणि दोन्हींच्या मधून येरझाऱ्या घालणारा मी एकटा. पाचवीला गणित घालून द्यायचं, वळायचं आणि सहावीला कविता शिकवायची. मुलं पाठीला पाठ लावून बसत. त्या दिवशी पाचवीच्या शेवटच्या रांगेतली एक मुलगी सहावीकडे तोंड करून बसली होती. दुपारचं ऊन दारातून आत येऊन तिच्या पाटीवर पडलं होतं, आणि ती फळ्याकडे नाही, त्या उन्हातल्या धुळीकडे बघत होती.

"तुझा वर्ग कोणता?"

"पाचवी."

"मग इकडं तोंड करून काय बघतेस?"

"तिकडचं बी ऐकू येऊन राहिलं अन् इकडचं बी, गुरुजी. मधीच बसले."

सहावीची मुलं हसली. ती हसली नाही. तिनं खरी गोष्ट सांगितली होती. मी तिची पाटी उचलली. वर नाव लिहिलं होतं: दिपा बाबूसिंग आडे. मी बोटानं पहिली वेलांटी पुसली आणि खडूनं दुसरी काढली.

"दीप म्हणजे दिवा. दुसरी वेलांटी. कळलं?"

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा पहिलीच वेलांटी होती. मी पुन्हा दुरुस्त केली. असं आठवडाभर चाललं. ती कधी उलटून बोलली नाही, आणि तिनं वेलांटीही कधी बदलली नाही. मला वाटलं, तांड्यावरचं लेकरू आहे, घरात बोली वेगळी, वळण पडायला वेळ लागेल.

तांडा नरसीपासून दीड कोसावर, कयाधूच्या पलीकडे. बाबूसिंगची सहा एकर जमीन होती, त्यात तूर आणि ज्वारी. पोरीला तो स्वतः शाळेत घालायला आला होता म्हणे; तेव्हा मी रजेवर होतो.

दिपा हुशार होती, पण वर्गातल्या हुशार मुलांसारखी नव्हती. प्रश्न विचारला की तिचं उत्तर जरा उशिरा यायचं, जसं काही ती दुसऱ्या एखाद्या खोलीत जाऊन घेऊन येत होती. उत्तर मात्र बरोबर असायचं.

१९९७ च्या दिवाळीआधी मी दहावीचे परीक्षेचे अर्ज भरले. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम दर वर्षी माझ्याकडेच. शाळेच्या रजिस्टरात 'दिपा' होतं. जातीच्या दाखल्यावरही 'दिपा'. मी अर्जावर 'दीपा' लिहिलं. लिहिताना मला चांगलं वाटलं, हेही सांगून टाकतो. आयुष्यभर टिकणाऱ्या कागदावर मुलीचं नाव शुद्ध जावं, एवढाच विचार होता. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. ती समोरच्या बाकावर बसली होती.

तीन वर्षांनी, बारावी झाल्यावर, डी.एड.च्या यादीत तिचा नंबर लागला. कागद तपासताना दाखल्यावर एक नाव आणि प्रमाणपत्रावर दुसरं निघालं. दुरुस्ती करून आणायला चार दिवस दिले होते. चार दिवसांत होणारं ते काम नव्हतं. जागा खालच्या नंबरला गेली.

हे मला बाबूसिंगनं सांगितलं, नरसीच्या फाट्यावर, जीपची वाट बघताना. "एक वेलांटी आडवी आली बघा, गुरुजी. कुण्या कारकुनानं लिहिली कुणास ठाऊक." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी कारकून नव्हतो, आणि तेवढ्या आधारावर गप्प बसलो. नंतर दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः लिहून दिला. तो कुठंतरी पोचला, कुठंतरी थांबला. दुसरा दिला. तोवर दिपानं हिंगोलीला कॉम्प्युटरचा क्लास लावला होता आणि २००३ साली ती आमच्याच संस्थेच्या कार्यालयात लागली.

वेलांटी कुणाची, हे तिला माहीत होतं. तिनं बापाला कधीच सांगितलं नाही. मलाही काही बोलली नाही. कार्यालयात भेटलो की "बसा गुरुजी, पाणी आणते," म्हणायची.

२००६ ला मी निवृत्त झालो. संस्थेच्या सचिवांनी म्हटलं, आठवड्यातून तीन दिवस येत जा, याद्यांवर नजर टाकत जा, शुद्धलेखन तुमच्या हातचं असू द्या. मी आनंदानं जाऊ लागलो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

कार्यालय हिंगोलीत, बाजाराच्या वरच्या मजल्यावर. दहा टेबलं, दहा पडदे. मी पहिले काही महिने समजत होतो की दहा कॉम्प्युटर आहेत. एकदा मी एका टेबलाखाली वाकून बघितलं, तर तिथं वहीएवढा एक डबा.

"मशीन कुठाय?" मी विचारलं.

दिपानं मला मागच्या छोट्या खोलीत नेलं. खिडकीतला एसी गुरगुरत होता. अंधारात एक मोठं काळं मशीन, त्यावर दोन हिरवे दिवे, खाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची रांग.

"हे एकच," ती म्हणाली. "बाहेर नुसत्या खिडक्या. जो बसंल त्याला वाटतं आपलंच मशीन. पण समदे हितंच काम करून राहिले, याच्या डोक्यात."

"दहा जण? एकाच वेळी?"

"आपली पाचवी-सहावी न्हाई का बसायची एका खोलीत? तोंडं दोन्हीकडं, गुरुजी एकच. तसंच." मग म्हणाली, "कुणी खिडकी नुसती लोटून घरी गेलं तरी त्याचं हितं चालूच राहतं. त्यो जेवून झोपतो, अन् हितं त्याचं अर्धं पत्र जागं."

ती खोली मला तेव्हापासून आवडायला लागली. दुपारी वीज गेली की बाहेरचे पंखे थांबत, माणसं वाऱ्याला गॅलरीत जात, आणि आत ते मशीन दहा जणांची अर्धी कामं उराशी धरून हळूच गुरगुरत राही. दिपा तिथं उभी राहायची. तशीच, पाचवीत उन्हातल्या धुळीकडे बघायची तशी.

२००८ साली वरून येणाऱ्या फायली आमच्याकडे उघडेनात. त्या नव्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, आमचं जुनं. सचिवांनी नवी सीडी मागवली. दसरा होऊन तीन दिवस झाले होते. रविवारी कार्यालय रिकामं, तेव्हा बदल करायचा असं ठरलं. मीही गेलो. घरी करमत नव्हतं, आणि मला ते कसं करतात बघायचं होतं.

एकाच मशीनवर दहा जण असले की नवं टाकताना एकही आत असून चालत नाही. दिपानं यादी काढली. नऊ जण बाहेर होते. एक आत होता.

"पद्माबाई," दिपा म्हणाली.

पद्माबाई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या टंकलेखिका. टाइपरायटरच्या काळापासूनच्या. सतरा दिवसांपूर्वी त्या निवृत्त होऊन आखाडा बाळापूरला आपल्या घरी गेल्या होत्या. हार झाला, पेढे झाले, फोटो झाला. पण बाई जाताना खिडकी नुसती लोटून गेल्या होत्या.

"एक बटण दाबलं की बाहेर काढता येतं ना?" मी म्हटलं.

"येतं की. पण त्यांचं काहीतरी उघडं आहे. न विचारता कसं काढू?"

तिनं फोन लावला. पलीकडे पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता, इतका मोठा की मलाही ऐकू आला.

"बाई, मी दिपा. तुमी अजून हापिसातच आहात."

"काय म्हणतीस, भवाने? मी चटणी वाटून राहिले."

"तुमचं एक पत्र उघडं राहिलंय. 'सविनय सादर की' एवढंच लिहून."

वरवंटा थांबला. "आगं बाई. ते आभाराचं पत्र. लिवायला बसले, अन् पुढं काही सुचंना. मग लोकं हार घेऊन आले." वरवंटा पुन्हा एकदा फिरला. "ठीव जपून. सुचलं की येऊन लिवीन."

दिपानं पत्राला नाव दिलं, जपून ठेवलं, आणि मग पद्माबाईंना हळूच मशीनबाहेर आणलं. "आता कुणी न्हाई," ती म्हणाली. मला ती मोठी खोली एकदम रिकामी वाटली, जरी तिथं आधीही आम्ही दोघंच होतो.

सीडी घालण्याआधी तिनं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, मशीनला आधी सांगावं लागतं, आता जे येऊन राहिलं ते एकट्या माझं न्हाई, समद्यांचं हाय. न सांगता टाकलं तर ते माझ्याच वाट्याला बसतं, बाकीच्यांना मिळत नाही. मग निळी पट्टी सरकू लागली. खाली बाजार भरला होता, भाजीवाल्यांच्या आरोळ्या पंख्याच्या आवाजात मिसळून झोपेतल्यासारख्या येत होत्या. मी खुर्चीत डुलकी घेतली. जागा झालो तेव्हा ऊन सरकून तिच्या पायाशी आलं होतं, आणि ती अजून पट्टीकडे बघत होती.

"झालं," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी कार्यालयात कालवा झाला. पडद्यावरची सगळी मांडणी बदलली होती. सोनाजी म्हणून आमचे एक जुने कारकून होते, तोंडाचे फार मोकळे. ते हात वर करून उभे राहिले.

"अय दिपे! माझी छापायची खूण कुठं नेली? परवा इथं होती. रात्रीतून माझ्या घराचं दार मागच्या गल्लीला लावलं तू!"

"रात्री न्हाई, काका, दिवसाउजेडी लावलं. हे बघा, या गोल खुणेत."

"या गोलात? ते तर मला कुंकू वाटलं."

दिवसभर ती टेबलाटेबलावर फिरली. कुणाचाही हात बाजूला सारून स्वतः करून दिलं नाही. "तुमीच दाबा," म्हणायची. संध्याकाळपर्यंत कालवा थंडावला आणि दहावीच्या यादीचं टंकन सुरू झालं. संस्थेच्या सहा शाळा, चारशे छत्तीस मुलं. शाळांनी हातानं लिहून पाठवलेल्या याद्या होत्या, त्यावरून छापील यादी करायची. बुधवारी दुपारच्या गाडीनं सोनाजी ती घेऊन जाणार होते. त्या यादीवरचं नाव तेच प्रमाणपत्रावर. एकदा गेलं की गेलं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

टंकताना काही नावं विचित्र उमटली. राजनंदिनीची 'श्राजनंदिनी' झाली. देविदासचा 'छेविदास' झाला. सोनाजी ते मोठ्यानं वाचून सगळ्यांना हसवत होते. "छेविदास! हे नाव घिऊन पोरगं परीक्षेला बसलं तर बाकीचे हसूनच नापास होतील." त्यांचा रजेचा अर्जही 'स्विनय सादर' असा छापून आला. नवं आहे, चार दिवस खोड्या करील, असं सगळे म्हणाले. जे दिसेल ते मागं जाऊन हातानं सुधारलं.

मंगळवारी दुपारी छापील यादी माझ्यासमोर आली. एकवीस पानं. मी तांबडी पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, जोडाक्षरं बघितली. एका मुलाचं नाव 'सगर' होतं. पुराणातल्या राजाचं नाव, तांड्यावरच्या मुलाला ठेवलेलं बघून मला कौतुक वाटलं. प्रत्येक पानाखाली मी तपासल्याची सही केली आणि यादी दिपाच्या टेबलावर ठेवली.

तिनं नरसीच्या शाळेचं पान उघडलं. बोट ओळीओळीनं खाली नेत राहिली. उत्तर आणायला दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी. मग म्हणाली, "गुरुजी, आपल्या नरसीत नमदेव कोण जन्मला?"

"काय?"

तिनं पान फिरवून माझ्यापुढं केलं. तिचं बोट एका नावाखाली होतं. नमदेव. मी ते तपासलं होतं. पानाखाली माझी सही होती. संत नामदेवांच्या नरसीत राहून, दर वर्षी दहा-पाच नामदेवांना शिकवून, माझ्या डोळ्यांनी तिथं 'नामदेव'च वाचलं होतं.

"अन् हा सगर?" ती म्हणाली. तिनं हातानं लिहिलेली यादी काढली. तिथं सागर होता.

आम्ही दोघं पुढं बघत गेलो. माया असेल तिथं मया. तानाजी असेल तिथं तनाजी. पारू असेल तिथं परू. सोनाजी नावाचा एक मुलगा होता, त्याचा सेनाजी झाला होता. ज्या नावांचं हसू झालं ती सगळ्यांनी सुधारली होती. जी गुपचूप दुसरं नाव होऊन बसली, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. चांगला टंकणारा पडद्याकडे बघतच नाही, त्याचे डोळे कागदावर असतात. आणि तपासणारा मी.

सचिव धावत आले. "जुनं होतं ते बरं होतं! काढ हे नवं. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढलं तर दोन दिवस जातील, साहेब. यादी उद्या जायची हाय. मला येक फोन करू द्या."

तिनं पुन्हा आखाडा बाळापूर लावलं.

"बाई, नवं टाकलेलं पहिला काना खाऊन राहिलं. नुसत्या पहिल्या अक्षराचा. मधले काने शाबूत."

पद्माबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आगं, ती बरोबरची खूण! पहिलं मशीन आलं तवा मला बी असंच केलं होतं. इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं लागतं ना, मग ते आपलंच आपण मोठं करतं. आपल्या मराठीच्या कीबोर्डात मोठ्या अक्षराला दुसरंच अक्षर. मोठा 'न' न्हाईच आपल्याकडं, मग अर्धा 'न्' होतो, अन् त्याला पुढचा काना चिटकला की नुसता 'न' उमटतो. मी तवा एकेकाच्या खिडकीत जाऊन ती खूण काढली होती. नवं टाकलं म्हणल्यावर परत आली आसंल."

"कुठं हाय ती?"

"जुन्यात कुठं होती ते सांगते. नाव आहे ऑटोकरेक्ट."

दिपानं मला त्याचा अर्थ विचारला नाही, तिला येत होता. मी मात्र तो मनात मराठीत केला. न विचारता आपोआप बरोबर करणारा. मी खाली यादीकडे बघत राहिलो.

प्रत्येकाची खिडकी वेगळी, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. एका ठिकाणी काढून भागत नव्हतं. सचिव म्हणाले, तू मागं बसून सगळ्यांच्या काढून टाक. ती म्हणाली, काढता येतील, पण मग परत कधी आली तर कुणाला कळायचं नाही. तिनं एकेकाला बोलावून बसवलं, खूण दाखवली, आणि त्याच्याच हातानं काढायला लावली. नऊ माणसं, नऊ खुणा. सोनाजींनी काढताना हात जोडले. "जा बाई. माझं सोनं होतं, सेना केलंस."

खूण गेली, पण चुकलेली नावं तशीच होती. आणि कोणती चुकलेली आहेत, हे नुसतं बघून कळणार नव्हतं, ते मीच सिद्ध केलं होतं.

"डोळ्यानं न्हाई जमायचं," दिपा म्हणाली. "उद्या सकाळी लवकर या, गुरुजी. हजेरी घेऊ."

बुधवारी साडेआठला मी पोचलो तेव्हा बाजार अजून उघडला नव्हता. तिनं दोन खुर्च्या गॅलरीत काढल्या होत्या. हातानं लिहिलेल्या याद्या तिच्याकडे, छापील माझ्याकडे. ती नाव पुकारायची, अक्षर अक्षर सुटं करून. माझ्याकडे तसंच असलं तर मी म्हणायचं, हजर. नसलं तर गप्प. मी गप्प बसलो की ती तांबडी खूण करायची.

"नामदेव."

मी गप्प.

"सागर."

मी गप्प.

"कुलदीप."

"हजर."

चौतीस वर्षं मी हजेरी घेतली. देण्याची ही पहिलीच वेळ. तिचा आवाज सपाट, न थांबणारा, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की गॅलरीच्या पलीकडे, समोरच्या पत्र्यांवर पसरलेल्या कोवळ्या उन्हात, ती सगळी पोरं बसली आहेत. सेनगावची, गोरेगावची, तांड्यांवरची, पाठीला पाठ लावून. प्रत्येक जण आपलं नाव येण्याची वाट बघतोय आणि नाव आलं की जरा सरळ बसतोय. कधीही न बघितलेल्या मुलांचे चेहरे मला दिसत होते. खाली दुकानांची शटरं वर जात होती, तेही दुरून आल्यासारखं.

तीनशेच्या पुढं कधीतरी ती म्हणाली, "दिपा मोहनसिंग चव्हाण."

माझ्या पानावर ते नाव होतं. टंकणाऱ्यानं विचित्र दिसलं म्हणून हातानं सुधारलेलं, 'दिपा', पहिल्या वेलांटीचं. माझी तांबडी पेन कागदाच्या वर तशीच थांबली. दिपानं पुढचं नाव घेतलं नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, आपल्या कागदाकडे बघत होती.

"तुझ्याकडं कोणती आहे?" मी विचारलं.

"पहिली."

"इथंही पहिलीच," मी म्हटलं. "हजर."

तिनं खूण केली नाही. बोट तिथंच ठेवून म्हणाली, "तुमी तवा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

मी म्हटलं, "आता सांग."

"माझा बापू साक्षरतेच्या वर्गाला चार महिने गेला होता. तिथं त्याला त्याच्या आईचं नाव लिहायला शिकवलं, मिराबाई. त्यातली वेलांटी तेवढी त्याला यायची, पहिली. दुसरी त्याच्या हाताला कधी वळलीच न्हाई. मला शाळेत घालायच्या दिवशी त्यो म्हणला, पोरीचं नाव मीच लिहिणार. सरांनी रजिस्टर पुढं केलं. त्यानं लिहिलं. त्याच्या हातचं तेवढंच हाय. म्हणून मी पुसत नव्हते."

बाबूसिंग आदल्याच वर्षी वारला होता. फाट्यावरचा तो आणि ती जीप मला आठवली.

"ती वेलांटी मी लिहिली होती, हे त्याला..." मी म्हणायला लागलो.

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "त्यो तुमाला लय मानायचा. त्याचं काहून बिघडवायचं?" आणि तिनं पुढचं नाव पुकारलं. "रुद्र."

"हजर," मी म्हटलं.

साडेअकराला हजेरी संपली. चारशे छत्तीसपैकी एकसष्ट जण गैरहजर निघाले. पद्माबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसून दिपानं त्या एकसष्टांना एकेक करून आत आणलं. पानं पुन्हा छापली. मी पुन्हा सह्या केल्या, या वेळी पेन निळी होती. सोनाजी यादी पिशवीत घालून निघाले आणि जिन्यावरून ओरडले, "पोरी, सोनाजीला बराबर बसवलंस ना गाडीत?"

"बसवलंय, काका. खिडकीपाशी."

पुढच्या उन्हाळ्यात प्रमाणपत्रं आली. नरसीचा नामदेव आपलं घ्यायला आला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानं नाव नीट बघितलंसुद्धा नाही, गुण बघितले आणि पळाला. मला ते फार बरं वाटलं.

पद्माबाई यादी गेल्यावर दोन महिन्यांनी एकदा येऊन आपल्या जुन्या जागी बसल्या होत्या. दिपानं त्यांना ते पत्र उघडून दिलं. 'सविनय सादर की' याच्या पुढं त्यांनी काय लिहिलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

आता माझी सत्तरी उलटून गेली आहे आणि मी कार्यालयात जात नाही. ते काळं मशीनही केव्हाच गेलं, तिथं दुसरं आलं आहे म्हणतात. दिपा हिंगोलीतच राहते, त्याच कार्यालयात आहे. जून महिन्यात ती सहाही शाळांत एकेक दिवस जाऊन बसते. दाखल होणाऱ्या लेकराचं नाव टंकून झालं की पडदा आईबापाकडे फिरवते आणि विचारते, असंच ना? तिच्या स्वतःच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर अजून दुसरी वेलांटी आहे. दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं प्रतिज्ञापत्र ती त्याला टाचणी लावून ठेवते, बाबूसिंगच्या सातबाराच्या पिशवीत.